जिओकॅशिंगची रोड ट्रिप: जीपीएस चालतं, मग सॅटेलाइट मेसेंजर का नाही?

माझा मामेभाऊ सिएटलला असतो. येत्या डिसेंबरात तो पुण्याला येतोय आणि आम्ही दोघं पाच दिवस कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत गाडीने जाणार आहोत. हॉटेलं, बीच, मासे हे सगळं आहेच, पण ट्रिपचा कणा आहे जिओकॅशिंग. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर त्याने बॅगेत काय काय टाकलंय ते दाखवलं. हेडलॅम्प, पॉवर बँक, चिमटा, पेन्सिली आणि मुठीत मावेल असं एक नारिंगी यंत्र.

"दादा, हे काय?"

"गार्मिन इनरीच. रेंज नसली तरी मेसेज जातो. सह्याद्रीत लागेल ना!"

मी म्हटलं, "ते तिथेच ठेव. विमानतळावर तुला बाजूला घेतील."

त्याला ती थट्टा वाटली. "अगं, जीपीएसच आहे हे. तुझ्या फोनमध्ये पण आहे." आता मुद्दा इथेच आहे. परदेशातून येणारे आपले भाऊ-बहिणी-मित्र हीच चूक करतात, म्हणून हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ. कुणीतरी एक डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश ऍपवर टाकतं, आपण फोन घेऊन ती शोधायची, आतल्या वहीवर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. हा खेळ कधी सुरू झाला हे तारखेनिशी सांगता येतं. अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला १०० मीटरपर्यंत फरक पडायचा. तो एका रात्रीत फारच कमी झाला. लगेच ३ मे २००० ला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये एक बादली अर्धवट जमिनीत ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंगची मुख्य वेबसाइट सुरू झाली. ती चालवणारी कंपनी सिएटलचीच, त्यामुळे दादाला हे वेड कुठून लागलं ते सांगायला नको. आज जगभरात तीस लाखांहून जास्त कॅशे आहेत. भारतात मात्र अगदी विरळ. अमेरिकेत एकेका रस्त्यावर शेकड्यांनी असतात, आपल्याकडे एका कॅशेपासून दुसऱ्यापर्यंत अर्धा दिवस जाऊ शकतो. म्हणूनच इथे रोड ट्रिप हाच त्याचा खरा प्रकार आहे.

ऐकणारं यंत्र आणि बोलणारं यंत्र

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि सतत एकच गोष्ट ओरडत असतात: "मी अमुक उपग्रह, मी आत्ता इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत." आपला फोन फक्त ऐकतो. सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा ठरते. या सगळ्यात फोन उपग्रहाला एक अक्षरही पाठवत नाही. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कळतच नाही. रेडिओवर आकाशवाणी ऐकण्यासारखं आहे हे, मुंबई केंद्राला थोडंच कळतं की तुम्ही ऐकताय?

इनरीच हे वेगळं प्रकरण आहे. त्यात जीपीएस आहेच, पण जोडीला एक ट्रान्समीटर आहे, जो इरिडियम कंपनीच्या उपग्रहांना मेसेज पाठवतो आणि त्यांच्याकडून घेतो. म्हणजे तो छोटा सॅटेलाइट फोनच, फक्त आवाजाऐवजी अक्षरं. आणि भारतात सॅटेलाइट फोन सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाही. वापरणं सोडा, जवळ असणं हाच गुन्हा. कायदे जुने आहेत: १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. कडकपणा मात्र वाढला २६/११ नंतर. मुंबईवर हल्ला करणाऱ्यांकडे सॅटेलाइट फोन होता, त्यामुळे या यंत्राकडे बघण्याची सुरक्षा यंत्रणांची नजर बदलली, आणि ते समजण्यासारखं आहे.

आता गोव्याचं ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाची एक धावपटू गोवा विमानतळावर सुरक्षा तपासणीत अडकली, कारण बॅगेत इनरीच. तिने ते लपवलंही नव्हतं, इतर सामानासोबत सरळ ट्रेमध्ये ठेवलं होतं. तिला पोलिसांकडे दिलं गेलं, कोर्ट-वकील सगळं झालं. त्याच सुमारास गोव्यातच एका झेक नागरिकालाही ताब्यात घेतलं. त्याच्याकडे काय होतं? बातम्यांनुसार गार्मिन एज ५४०. हे सायकलच्या हँडलवर लावायचं जीपीएस, वेग आणि अंतर दाखवणारं. उपग्रहाला मेसेज पाठवायची सोय त्याच्यात नाही. म्हणजे वर सांगितलेल्या भाषेत ते ऐकणारं यंत्र.

मला खटकतं ते इथे. कायदा कडक असू दे, पण ऐकणारं कोणतं आणि बोलणारं कोणतं हा फरक तपासणीच्या टेबलावर कळायला हवा. डबीवर गार्मिन लिहिलंय एवढ्यावरून निर्णय होत असेल तर उद्या एखाद्या सायकलवाल्याचं काय होईल? दुसरं म्हणजे, नियम आधी सांगायला हवा. ब्रिटनचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांना भारताच्या प्रवास-सूचनेत हे स्पष्ट बजावतं. विमानात पॉवर बँक कुठे ठेवायची हे तिकिटासोबत आपल्याला दहा वेळा सांगतात. तसं हे एक वाक्य परदेशातून येणाऱ्या प्रत्येक तिकिटावर छापायला कितीसा खर्च येणार?

"पण आता स्टारलिंकला परवाना मिळाला ना?" हा प्रश्न दादानेही विचारला. मिळाला, जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने दिला. पण तो कंपनीला इथे सेवा देण्यासाठी मिळालेला परवाना आहे. त्यामुळे अमेरिकेत विकत घेतलेलं, इरिडियमवर चालणारं तुमचं यंत्र इथे आपोआप कायदेशीर होत नाही.

आणि एक गोष्ट कोकणात जाताना हमखास आठवते. समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांसाठी इस्रोने संकट-संदेश पाठवणारं यंत्र बनवलंय. त्याची दुसरी पिढी २०२४ च्या जानेवारीत कार्यान्वित झाली. बटण दाबलं की उपग्रहामार्फत मदत-केंद्राला संदेश जातो आणि "तुमचा संदेश मिळाला" असं उत्तर आपल्या नाविक उपग्रहांमार्फत बोटीवर परत येतं. म्हणजे तंत्रज्ञान आपल्याकडे आहे, देशी आहे, आणि सरकारच्या नजरेखालीही आहे. मग नोंदणी करून, भाड्याने, असं एखादं यंत्र ट्रेकरला का मिळू नये? सह्याद्रीत घाटमाथ्यावरून शंभर मीटर खाली उतरलं की रेंज जाते, हे इथे भटकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पाय मुरगळलेल्या मित्राला सोडून रेंज शोधायला टेकडी चढावी लागते. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतंच, यंत्र खरंच लागतं. फक्त ते बॅगेतून आणणं हा मार्ग नाही.

मग फोनवरच ट्रिप कशी करायची

फोनला उपग्रह ऐकायला इंटरनेट लागत नाही. तरी डोंगरात "लोकेशन सापडत नाही" का येतं? कारण उपग्रह कुठे आहेत याची ताजी माहिती फोन एरवी इंटरनेटवरून झटकन घेतो. रेंज नसेल तर ती उपग्रहाकडूनच, अगदी मुंगीच्या वेगाने घ्यावी लागते. म्हणून ताम्हिणी घाट उतरायच्या आधी, रेंज असतानाच नकाशा उघडून लोकेशन लावून घ्या, आणि नंतर मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं धीर धरा. कॅशेची माहिती, आधीच्या लोकांच्या नोंदी, इशाऱ्याचं वाक्य, सगळं घरच्या वायफायवर डाउनलोड करायचं. अँड्रॉइडवर सी-जिओ हे मोफत, मुक्त-स्रोत ऍप त्यासाठी छान आहे. मुख्य ऍपमध्ये काही कॅशे पैसे भरणाऱ्या सभासदांनाच दिसतात, हे गृहीत धरा.

आकडे टाकताना माझी पहिल्यांदा जी फजिती झाली ती तुमची होऊ नये. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश-मिनिटांत लिहितात. म्हणजे रेखांश ७३ अंश ५१.५ मिनिटं. मी मूर्खासारखं नकाशात ७३.५१५ टाकलं. खरं तर मिनिटांना ६० ने भागायचं असतं, म्हणजे ते होतं ७३.८५८. या एका चुकीने बिंदू ३६ किलोमीटर पश्चिमेला सरकला. पुण्यातल्या बागेऐवजी मी मुळशीची वाट धरली होती. रोज कोड लिहिणाऱ्या बाईने हे करावं!

योग्य जागी पोचल्यावरही फोन तुम्हाला डबीवर उभं करत नाही. मोकळ्यावर साधारण पाच मीटरची चूक धरा. झाडी, कातळकडा, उंच भिंत असेल तर सिग्नल आपटून येतो आणि बाण गोल गोल फिरायला लागतो. तेव्हा फोन खिशात घालायचा आणि लपवणाऱ्यासारखा विचार करायचा. मी असते तर कुठे ठेवली असती?

वेळेचा हिशोब करताना एका कॅशेला पंधरा मिनिटं धरू नका, तास धरा, आणि दिवसाला तीनच्या वर ठेवू नका. प्रत्येक कॅशेच्या शेवटच्या नोंदी वाचा. लागोपाठ दोघा-तिघांना सापडली नसेल तर ती बहुधा गेलेली असते. किनाऱ्याच्या रस्त्यावर बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी लागतात. नकाशावर खाडीतून जाणारी ती एक सरळ रेघ दिसते, पण शेवटची बोट चुकली तर वळसा घालून रात्र गाडीत जाते. नकाशावर आंधळा विश्वास ठेवून जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक गाडी थेट खाडीत गेली. सुदैवाने चालवणारीला वाचवलं.

आता लपवण्याच्या जागांबद्दल. परदेशात बेवारस डबीचा किती गोंधळ होतो त्याचं उदाहरण इंग्लंडमधल्या वेदरबी गावचं. २०११ मध्ये तिथे एका कॅशेला बॉम्ब समजून पथकाने ती उडवून दिली. आपण तर "बेवारस वस्तूला हात लावू नका" ऐकत मोठे झालोय. म्हणून स्टेशन, पूल, धरण, देऊळ, सरकारी कंपाउंड यांच्या आसपास शोधायला जाऊच नका, ऍपवर दिसली तरी. किल्ल्यांचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यातले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आमच्या वाटेवरच आहेत. तिथल्या तटबंदीच्या फटीत बोटं घालून डबी शोधणं मला तरी पटत नाही. एखादा दगड हलला तर तो परत कोण बसवणार?

अशा ठिकाणांसाठी डबी नसलेले प्रकार आहेत. अर्थकॅशेमध्ये जागेवर जाऊन भूगर्भाबद्दलचे प्रश्न सोडवायचे आणि उत्तरं पाठवायची. हरिहरेश्वरला लाटांनी जाळी पाडलेला खडक किंवा रत्नागिरीकडचा जांभ्याचा सडा बघितला की हा प्रकार कोकणासाठीच काढलाय असं वाटतं. स्वतःची डबी ठेवून यायचा मोह होतो, पण सुट्टीत ठेवलेली कॅशे सहसा मंजूर होत नाही, कारण तिची देखभाल करणारं कुणी जवळ लागतं.

परदेशी खेळाडू लोकांच्या नजरा चुकवून शोधतात. कोकणात ते विसरा. तुम्ही झुडपात वाकलात की मिनिटभरात कुणीतरी आजोबा विचारतात, "काय गो, काय हरवलं?" खरं सांगून टाकायचं. मागच्या वेळी अशाच एका आजोबांनी आम्हाला डबी काढून दिली. (जागा सांगणार नाही.)

सुरक्षेसाठी आम्ही ठरवलंय ते साधं आहे. रोज सकाळी त्या दिवसाचे बिंदू आत्याला पाठवायचे, संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर तिने शेवटच्या गावातल्या मुक्कामाच्या घरी फोन करायचा. दोघांकडे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. आणि ११२. स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर हा नंबर लागू शकतो.

काल दादाचा मेसेज आला: "इनरीच काढलं बॅगेतून. पण घड्याळाचं काय? नवीन आहे, तेही सॅटेलाइटवरून मेसेज पाठवतं."

आता असली घड्याळं आलीच आहेत, आणि तपासणीच्या टेबलावर त्यांना कुणी काय म्हणेल हे ज्या-त्या टेबलावर ठरणार. मी लिहिलं, "तेही ठेव घरीच."

"मग वेळ कशात बघू?"

"आजोबांचं एचएमटी आहे. रोज किल्ली द्यावी लागते."