कानात वाजणारी नाडी

रात्री घर निजले की कानात ‘धस् धस्’ असा आवाज ऐकू येतो आणि तो नाडीच्या ठोक्याशी तंतोतंत जुळतो, अशी तक्रार ज्येष्ठांकडून कधी ऐकू येते. ‘वयाचे आहे’ म्हणून ती सोडून देऊ नये.

मेंदूच्या सर्वांत बाहेरच्या जाड आवरणास ड्युरा म्हणतात. धमन्या आणि शिरा यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जाळे असते. धमनीतील रक्ताचा जोर तेथे ओसरतो. क्वचित हे जाळे वगळून ड्युरातील धमनी थेट शिरेला जोडली जाते. या विकाराचे नाव ड्युरल आर्टेरिओव्हीनस फिस्टुला. तो बहुधा जन्मजात नसतो; पन्नाशी-साठीत आढळतो.

धोका किती, हे रक्ताच्या वाटेवर ठरते. रक्त मोठ्या शिरेतून सरळ हृदयाकडे गेले, तर त्रास बहुधा आवाजापुरता राहतो. तेव्हा केवळ देखरेखही पुरते. तेच उलटून मेंदूच्या पृष्ठभागावरील नाजूक शिरांत शिरले, तर रक्तस्राव किंवा फेफरे संभवते. १९९५ साली मांडलेली बोर्डेन आणि कोन्यार ही दोन्ही वर्गीकरणे याच निकषावर आधारलेली आहेत. कधी विस्मरण वाढते, चाल मंदावते. रोजचा हिशेब चुकू लागतो. अशा काही रुग्णांची स्मृती उपचारानंतर सुधारते, म्हणून वेळेवर निदानाचे मोल मोठे.

एमआरआयवरून संशय येतो. खात्री मात्र अँजिओग्राफीने होते. मेंदूच्या धमन्यांचे हे चित्रण पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली प्रथम केले. आज त्याच वाटेने उपचारही होतो. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी दोषस्थानापर्यंत नेतात आणि रक्तात घट्ट होणारे द्रव्य सोडतात. क्ष-किरणांत दिसावे म्हणून त्यात टँटॅलम धातूची भुकटी असते. द्रव्य शिरेच्या आरंभापर्यंत पोहोचावे लागते; नुसत्या धमन्या बुजविल्या, तर नव्या वाटा फुटतात. काही वेळा शिरेच्या बाजूने जाऊन धातूची वेटोळी बसवितात. कवटी उघडावी लागत नाही, तरी जोखीम शून्य नसते: त्याच धमन्यांवर चेहऱ्याच्या मज्जातंतूचे पोषण अवलंबून असू शकते. म्हणून अनुभवी तज्ज्ञ निवडावा आणि काही महिन्यांनी फेरतपासणी चुकवू नये.

असा आवाज येत असल्यास मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का, ते पाहावे. जुळला, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. कानामागे स्टेथोस्कोप ठेवल्यास तो आवाज कधी कधी त्यांनाही ऐकू येतो.