पुढची पाटी कुणासाठी?

शेतकरी बंधूंनो, या पानावर मी एरवी आंब्याचा मोहोर, तुडतुडे नि भाताची रोपवाटिका यांवर लिहितो. आज गाडीच्या नंबरपाटीवर लिहितोय, तेही फक्त पुढच्या पाटीवर. कृषी सहायकाला हे नसते उद्योग कुणी सांगितले, असे तुम्ही म्हणाल. आधी ऐकून तर घ्या.

मागल्या एका जुलैत हातखंब्याच्या बाजूच्या एका गावी भातलावणी बघायला गेलो होतो. खाचरात चिखलणी अर्धी राहिलेली, आणि मालक घराच्या पडवीत डोक्याला हात लावून बसलेला. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला त्याचा मुलगा जोत सोडून बैल घेऊन घराकडे येत होता. समोरून आलेल्या मोटारीने एक बैल उडवला. मुलगा कडेला फेकला गेला, पायाचे हाड मोडले. गाडी क्षणभर थांबली आणि निघून गेली. मुलगा म्हणाला, "सायब, लाल गाडी होती, बसकी, जमिनीला टेकल्यासारखी. फुडं पाटीच नव्हती. मागली बघीपर्यंत पावसात कायच दिसंना." जवळच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी सापडली, पण तीही समोरून. दोन झगझगीत दिवे आणि खाली कोरा करकरीत बंपर.

आता हिशेब बघा. अपघात करणारी गाडी सापडली, तर तिच्या विम्यातून भरपाई मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. जखमीचा औषधोपचार, बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व आले तर त्याचा विचार, हे सारे तिथे धरले जाते. बैल मेला तर तेही तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचे नुकसान म्हणून मागता येते. गाडी सापडलीच नाही, तर उरते ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली केंद्राची योजना. तिच्यात मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये. (त्याआधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते!) बैलाला त्यात काही नाही. म्हणजे एका पाटीवाचून त्या घराचा बैल फुकट गेला आणि पोराच्या पायाची किंमत ठरीव रकमेवर आली.

बैल गेला तोही ऐन चिखलणीत. उरलेला एकटा बैल काय ओढणार? भाड्याच्या पॉवर टिलरसाठी नंबर लावला, तर गावात आधीच रांग. २१ ते २५ दिवसांचे रोप लावायचे ते चाळिशीला टेकले, मग फुटवे कुठून येणार? हे मात्र माझ्या खात्याचे काम आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

गणपतीपुळ्याच्या आणि आरे-वारेच्या रस्त्याला सुट्टीच्या दिवशी उभे राहा. मुंबई-पुण्याच्या बसक्या, महागड्या स्पोर्ट्स गाड्या हल्ली बऱ्याच दिसतात, त्यांतल्या काहींना पुढे पाटी नसते. एका मालकाला मी चहाच्या टपरीवर सहज विचारले. तो हसून म्हणाला, "काका, पाटी लावली की गाडीचा चेहरा बिघडतो. भोकं कोण पाडणार बंपरला?" अमेरिकेत म्हणे पुढची पाटी लागत नाही. खरे आहे, पण तिथेही सगळीकडे नाही. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया अशा काही राज्यांत फक्त मागची पाटी चालते. आपण राहतो रत्नागिरीत. इथे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत आणि पाटी पुढे आणि मागे दोन्हीकडे लागते. गाडी चार लाखांची असो की दोन कोटींची. मोटारीची लांबट पाटी ५०० बाय १२० मिलिमीटरची, म्हणजे हातभर लांब नि पंजाएवढी रुंद. तेवढ्याने बिघडणारा चेहरा मुळात किती देखणा असेल? (मला वयाच्या पस्तिशीत काका म्हटले, त्याचाही थोडा राग आहे, हे कबूल करतो.)

पुण्याची गोष्ट तुम्ही विसरला नसाल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या गाडीला नंबरच नव्हता. १,७५८ रुपये शुल्क भरले नाही म्हणून पक्की नोंदणी अडली होती, असे परिवहन खात्याकडून सांगण्यात आले. तिथे लोकांनी चालवणाऱ्याला जागेवरच धरला. आमच्या घाटवळणावर, भर पावसात, धरायला कोण असतो? वळणावर जो माणूस उभा असतो त्याला गाडी समोरून दिसते. मागची पाटी तो बघेपर्यंत एक तर आडवा झालेला असतो, नाहीतर गाडी पुढच्या वळणाआड गेलेली असते.

पण नुसती शहरवाल्यांना नावे ठेवून भागणार नाही. आपल्या पोरांनी मोटारसायकलींच्या पुढच्या पाट्या का काढल्यात? त्यांनीही चेहराच सुधारलाय. वाशीला पेट्या नेणाऱ्या पिकअपना पुढे लोखंडी गार्ड, त्यामागे पाटी झाकलेली. दसऱ्याचा झेंडूचा हार दिवाळीपर्यंत नंबरावर सुकत राहतो. ट्रॅक्टरची पाटी चिखलाने माखलेली, ती धुवायची कुणाला आठवत नाही. आणि माझे स्वतःचे सांगतो, जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर पडून माझ्या मोटारसायकलची पुढची पाटी मोडली होती. चार महिने तशीच फिरवली, त्या बैलवाल्याच्या अंगणातसुद्धा तशीच उभी केली. त्याच्या मुलाने प्लास्टरातला पाय लांब करून माझ्या गाडीकडे पाहिले, बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी पाटी टाकायला गेलो.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवायची आहे. २०२५ मध्ये तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. जाहीर झालेला दर जीएसटी सोडून दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, रिक्षाला ५००, मोटार आणि पिकअपला ७४५. एका फवारणीच्या औषधाला याहून जास्त जातात. हे पैसे पुढच्या आणि मागच्या मिळून दोन्ही पाट्यांचे, तेव्हा बसवून घेताना पुढची घरी नेऊन माळ्यावर टाकू नका.

आणि अपघात झालाच, तर आधी १०८ ला फोन, मग पोलीस. जनावर गेले असेल तर पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन आणि रीतसर पंचनामा झाल्याशिवाय ते पुरू नका. नंबर अर्धा दिसला असला तरी जबाबात लिहून घ्यायला सांगा. गाडी सापडलीच नाही, तर केंद्राच्या योजनेसाठीचा अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत विचारा. त्या मुलाचा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. वाहन क्रमांकाच्या रकान्यात त्याने 'माहीत नाही' असे लिहिले आणि खाली सही केली.