तासाभरात मुंबई? कुठून?

१५ ऑक्टोबर २०२५ ला सोलापूर-मुंबई विमान सुरू झालं आणि झालं, ‘आता जिल्हा मुंबईपासून तासाभरावर!’ कुठला जिल्हा, राव?

जरा नकाशा उघडा. सोलापूर-मुंबई सरळ रेषेत साधारण ३६० कि.मी. माळशिरस त्या रेषेच्या जेमतेम तीसेक कि.मी. दक्षिणेला. म्हणजे माळशिरसकरानं मुंबईला जायला आधी शंभराहून जास्त कि.मी. उलटं, पूर्वेला जायचं आणि मग जवळजवळ आपल्याच गावावरून उडत परत पश्चिमेला यायचं! रस्त्याचे दोन-अडीच तास, चेक-इनचा एक, हवेतला एक, वर मुंबईचं ट्रॅफिक... करा बेरीज. तेवढ्यात पुण्यावरून गाडीनं माणूस मुंबईजवळ पोचतो.

एकाच फंक्शनचा वेग मोजून ‘सिस्टीम फास्ट आहे’ म्हणालो, तर आपल्याला कोण सोडेल?

विमानाला विरोध नाही. सोलापूर शहराला ते हवंच. पण माळशिरस तालुक्यातून जाणारी फलटण-पंढरपूर रेल्वे वर्षानुवर्षं कागदावरच राहिली, तिचा हिशोब ‘तासाभरात’ म्हणून मिटवू नका. पुढच्या वेळी कुणी ‘तासाभरात मुंबई’ म्हणालं, की एवढंच विचारा: घड्याळ कुणाच्या दारात लावलंत?