मीटरचा लाल डोळा

रात्री साडेअकराला मी सोसायटीच्या जिन्याखाली, मीटरच्या फळीसमोर मोबाइल कानाला लावून उभा होतो. वर घरात लेक माझ्या सांगण्यावरून एकेक पिन काढत होती. वॉचमनकाकांनी आधी माझ्या तोंडावर टॉर्च मारला, मग ओळखून विचारलं, "काय साहेब, मीटर पळतोय का?"

तेच तर बघायचं होतं.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातले दिवे, पंखे बंद होते, फ्रिजची पिनसुद्धा काढलेली. तरी हा लाल डोळा दर ७० सेकंदांनी मिचकावतोच आहे! हिशेब केला तर १६ वॉट. चोवीस तास हे चालतं असं धरलं, तर महिन्याला जवळजवळ १२ युनिटं. कुणी काही न लावता.

"इन्व्हर्टर बंद कर," मी म्हटलं. पुढच्या लुकलुकीला सव्वादोन मिनिटं लागली. निम्मा चोर तिथेच सापडला. भारनियमनाच्या काळात हौसेने घेतलेला आमचा इन्व्हर्टर आता वर्षातून दोन-चारदा कामाला येतो आणि एरवी कोपऱ्यात बसून खातो. उरलेल्यात मोठा वाटा सेट-टॉप बॉक्सचा. रिमोटने तो झोपतो असं आपण समजतो; हात लावून बघा, गरम असतो.

युनिटं थोडी दिसली तरी दराच्या टप्प्यांमुळे वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातलं असतं.

आईचा जन्म "दिवे मालवा रे" म्हणण्यात गेला. ६० वॉटचे पिवळे बल्ब होते तोवर तिचं शंभर टक्के बरोबर होतं. आता दिवाणखान्यात ९ वॉटचा एलईडी आहे आणि त्यावरून अजून भांडणं होतात. तिकडे दोन किलोवॉटचा गीझर पाव तास तापला की अर्धं युनिट गेलं. तेवढ्यात हा एलईडी ५५ तास जळला असता. आणि आम्ही करतो काय? कडकडीत पाणी काढतो आणि त्यात निम्मं गार मिसळतो! गीझरवाल्याला बोलावून थर्मोस्टॅट खाली आणून घेतला. आंघोळी एकामागोमाग उरकायच्या आणि गीझर बंद करूनच आत शिरायचं, असा नियम झाला. चिरंजीवांनी तो मोडून दाखवला, पण आठवड्यातून दोनदाच.

पंख्याचं सांगायचं तर, जुना खोक्यासारखा रेग्युलेटर अजून भिंतीवर असेल तर तो आधी काढा. पंखा हळू फिरतो, पण वाचलेली बरीचशी वीज त्या खोक्याच्या तापण्यात जाते. नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काही शे रुपयांत येतो. ७५ वॉटच्या पंख्याऐवजी ३० वॉटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा चांगलाच, पण चार खोल्यांचे चारही एकदम बदलायला पैसे कोणाकडे आहेत? ज्या खोलीत सगळे झोपतात तिथला एकच बदलला.

सेट-टॉप बॉक्स आता भिंतीवरच्या बटणानेच बंद होतो. मात्र सुरू व्हायला तो दोन मिनिटं घेतो आणि आईच्या मालिकेचं पहिलं दृश्य हुकतं. म्हणून रोज आठला पाच कमी असताना ते बटण दाबायची जबाबदारी माझ्यावर आली आहे.