अर्धच्छेद आणि अविभाज्य संख्या

जैन गणितात ‘अर्धच्छेद’ ही एक महत्त्वाची संज्ञा आहे. एखादी संख्या निम्मी करीत एकापर्यंत येण्यास जितक्या वेळा छेद द्यावा लागतो, तितके तिचे अर्धच्छेद होत. बत्तीसचे अर्धच्छेद पाच. आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत या कल्पनेचा विस्ताराने उपयोग केलेला आढळतो. ‘अनुयोगद्वार सूत्रा’त तर मनुष्यांची संख्या शहाण्णव वेळा निम्मी होणारी अशी सांगितली आहे.

अशा संख्येतून केवळ एक वजा केला तर काय उरते? बत्तीसातून एक गेला की एकतीस उरतात, आणि एकतीस ही मूळ संख्या आहे. तिला एक व ती स्वतः यांखेरीज कोणीही निःशेष भागत नाही. परंतु हा नियम नव्हे. अकरा अर्धच्छेदांच्या २०४८ मधून एक वजा केल्यास २०४७ मिळतात, आणि ते २३ व ८९ यांचा गुणाकार आहेत.

फ्रान्समधील ख्रिस्ती साधू व विद्वान मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची यादी दिली. तीत ६७ आणि १२७ अर्धच्छेदांच्या संख्यांतून एक वजा करून येणाऱ्या संख्या होत्या. १२७ ची संख्या ३९ अंकी आहे:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकेका विभाजकाने भागून तिची परीक्षा घ्यायची, तर वीस अंकी संख्यांपर्यंत जावे लागेल. एका मानवी आयुष्यात ते अशक्यच. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी निराळा मार्ग शोधला. त्याचे पुढे सोपे झालेले रूप असे: चारपासून आरंभ करावा, वर्ग करून दोन वजा करावेत, आणि परीक्ष्य संख्येने भागून बाकी घ्यावी. एकतीससाठी चारनंतर चौदा, मग आठ, आणि शेवटी शून्य येते. अर्धच्छेदांहून दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले, तरच संख्या मूळ.

ल्युकांनी ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत तीच सर्वांत मोठी होती. त्याच वर्षी त्यांनी ६७ ची संख्या मूळ नसल्याचेही दाखविले. तिचे विभाजक मात्र १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी प्रकट केले.

एकाच विद्वानाच्या एकाच यादीतील एक विधान खरे ठरले, दुसरे खोटे. परीक्षेपूर्वी दोन्ही सारखीच भासत होती. मर्सेन यांची थोरवी त्यामुळे उणावत नाही. त्यांनी यादी दिली नसती, तर शोधही इतक्या नेटाने झाला नसता. वडिलधाऱ्यांच्या वचनाचा आदर करणे आणि ते पारखून घेणे यांत विरोध नाही. श्रद्धा वाट दाखविते; त्या वाटेवर चालून खात्री करून घेतली, म्हणजे ज्ञान सम्यक् होते.