थरावर थर



हस्तव्यवसायाचा तास म्हणजे अभ्यासांतून मिळालेली सुटी, असा समज आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. परीक्षा जवळ आली कीं पहिली कुऱ्हाड याच तासावर पडते. गणिताचा तास कमी पडला तर तो येथून घेतात, आणि पावसाळ्यांत कवाइतीला जागा नसली तर ती येथें बसवितात. हा समज चुकीचा आहे असें आमचें मत आहे. तो कां चुकीचा, हें आम्ही कागद, शाई, रंग व खळ यांच्या साध्या कामावरूनच दाखविणार आहों.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका शालेय प्रदर्शनांत कागदकामाचें परीक्षण आमच्याकडे आलें होतें. शेवटीं दोन कामें निवडीस उरलीं. पहिलें बाजारांत मिळणाऱ्या तयार संचांतून केलेलें होतें; चकाकणारीं फुलें, सोनेरी चुरा, रेषा अगदीं सरळ. दुसरें एका मुलीचें. तिनें पुठ्ठ्यावर जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खळीनें चिकटविले होते, त्यांवर खडूची पूड व डिंक यांचा लेप दिला होता, त्यावर गेरूचा पातळ हात फिरविला होता आणि काजळाच्या शाईनें पऱ्हाटीचें झाड काढून बोंडांच्या जागीं खरा कापूस लाविला होता. परंतु पुठ्ठ्याचा एक कोपरा वांकला होता व लेपास बारीक भेगा पडल्या होत्या. आम्हीं बक्षीस पहिल्या कामास दिलें.

बक्षीस दिल्यावर मग दोघांनाहि, "हें कसें केलें?" असें आम्हीं विचारलें. पहिल्या मुलानें प्रामाणिकपणें सांगितलें, "सामान बाबांनीं आणलें, चिकटविलें आईनें." ती मुलगी मात्र पाव तास बोलत राहिली. कोणता थर सावलींत वाळविला, कोणता उन्हांत ठेवल्यामुळें तडकला, गेरू आधीं दाट झाला तेव्हां त्यांत पाणी किती घातलें, हें सर्व तिनें सांगितलें; आणि शेवटीं विचारलें, "गुरुजी, पण कोपरा कां वांकला?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. जो प्रश्न आधीं विचारावयाचा तो आम्हीं मागून विचारला, आणि ज्याचें उत्तर आम्हांस ठाऊक असावयास हवें होतें तें आम्हांस ठाऊक नव्हतें.

तें उत्तर आतां देतों. खळ ओली असतांना कागद फुगतो आणि वाळतांना आकसतो. खळ एकाच बाजूस असली तर ती बाजू आकसतांना पुठ्ठ्यास आपल्याकडे ओढते, आणि कोपरा उचलला जातो. उपाय सोपा आहे. जितका कागद पुढें चिकटवावा तितकाच पाठीसहि चिकटवावा, म्हणजे दोन्ही ओढी सारख्या होऊन पुठ्ठा सपाट राहतो. भेगांचें कारणहि असेंच आहे. लेप जाड असला व वरून लवकर वाळला, तर वरचा भाग आकसूं पाहतो आणि आंतला ओला भाग त्यास साथ देत नाहीं. म्हणून एक जाड थर देण्यापेक्षां चार पातळ थर द्यावे, आणि खालचा वाळल्याविना वरचा देऊं नये. यांत पदार्थविज्ञान नाहीं असें कोण म्हणेल?

हें ज्ञान नवें नाहीं. सावंतवाडीचा गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफ्यांत दहा रंग व प्रत्येकांत बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात. तें पान म्हणजे थरांचाच संसार होय. चिंचोक्याची खळ देऊन पृष्ठ घट्ट करावयाचें, त्यावर खडूचा लेप, तो दगडानें घोटून गुळगुळीत करावयाचा, मग रंग, मग बारीक कुंचल्याची रेघ आणि शेवटीं लाखेचें रोगण. यांतील एक पायरी गाळली तर पान दहा डावहि टिकणार नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला जाणणारे कारागीर जवळजवळ उरले नव्हते. तेव्हां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, इतरांस शिकविली, आणि राजवाड्यांतच तिला आसरा दिला. कला एका माणसाच्या हातांत उरली होती. विचारणारा कोणी भेटला म्हणून ती वांचली.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर ढगांसारखा रंगीत कागद असे, त्यास आपले लोक 'अबरी' म्हणत. फारसींत 'अब्र' म्हणजे ढग. दाट केलेल्या पाण्यावर रंगाचे थेंब तरंगत ठेवून, काडीनें हालवून, त्यावर कागद अलगद टेंकवून उचलला कीं ही नक्षी उठते. सतराव्या शतकांत दक्षिणेंत, विशेषतः विजापुराकडे, या अबरीवर रेखाचित्रें काढण्याची एक आगळी रीत होती. चित्राचा जो भाग अबरीचा नको, तो झाकून ठेवीत आणि मग कागद पाण्यावर टेंकवीत. कोठें रंग लावावयाचा यापेक्षां कोठें लावावयाचा नाहीं, हें आधीं ठरवावें लागे.

सातासमुद्रांपलीकडेहि असेंच दिसतें. इंग्लंडांतील मेरी डिलेनी ही बाई १७०० सालीं जन्मली. वयाच्या बहात्तराव्या वर्षीं तिनें काळ्या रंगविलेल्या कागदावर रंगीत कागदाचे बारीक तुकडे एकावर एक चिकटवून फुलांचीं चित्रें करण्यास आरंभ केला, आणि दृष्टि अधू होईपर्यंत, सुमारें दहा वर्षांत, जवळजवळ एक हजार चित्रें पुरीं केलीं. तीं आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. १९१२ सालीं पिकासोनें वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलें मेणकापड आपल्या चित्रांत चिकटविलें. आमच्या गांवच्या आजीबाईस मात्र त्यांत नवल वाटलें नसतें. पोळ्याच्या बैलाचें बाशिंग पुठ्ठा, रंगीत कागद, मणी आणि बेगड यांचेंच तर होतें. आणि तान्ह्या पोळ्याच्या लांकडी नंदीस नटवितांना मुलें दर वर्षीं तेंच करितात.

आतां आपल्या मुकुटबनाकडे वळूं. येथें कलेचें सामान मिळत नाहीं, तें नागपुराहून मागवावें लागतें, अशी तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. ही तक्रार अर्धीच खरी आहे. आपल्या परिसरांत चुनखडीचा दगड आहे. म्हणूनच आज येथें सिमेंटचा कारखाना उभा आहे. तीच चुनखडी बारीक दळून डिंकांत कालविली कीं चित्राच्या पायाचा पांढरा लेप होतो. युरोपांतील जुन्या चित्रकारांनीं लांकडी फळ्यांवर खडू अथवा जिप्सम सरसांत कालवून असाच लेप दिला. शिवाय आम्लामुळें कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि चुनखडी त्या आम्लास मारते; म्हणून जुनीं कागदपत्रें जपणारे लोकहि तिचा उपयोग करितात. फळ्यावरचा खडू पुष्कळदां जिप्समचा असतो. तोहि लेपास चालतो. मात्र भट्टींतून निघालेला कळीचा चुना मुलांनीं हातीं धरूं नये. पाणी लागतांच तो तापतो, आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टीस अपाय होतो.

डिंक बाभळीचा, काजळ दिव्याचें, गेरू बाजारांत, पिवळा रंग हळदीचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं पळस फुलला कीं केशरी रंग रानांत. आपला जिल्हा कापसाचा. आणि उत्तम हातकागद सुती चिंध्यांचाच होतो. पुण्यास १९४० सालीं हातकागद संस्था निघाली. त्यापूर्वींच वर्ध्याच्या मगनवाडींत, १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें, कागद करण्याचा उद्योग हातीं घेतला होता. वर्धा आपल्यापासून परदेशाइतकें दूर नाहीं.

थराची विद्याहि घरांतच आहे. मातीच्या घराची भिंत आई कशी करिते? आधीं शेणामातीचा गिलावा, तो वाळला कीं पांढऱ्या मातीचा पोतेरा, आणि त्यावर गेरूची रेघ. ओल्या गिलाव्यावर पोतेरा द्यावा असें तिला कोणी सांगितलें तर ती हंसेल. तिनें कोणताहि ग्रंथ वाचलेला नाहीं. पण कशावर काय धरतें हें तिच्या हातास ठाऊक आहे.

परंतु येथें एक सावधगिरी हवी. घरचें तेवढें सारें चांगलें व विकतचें तेवढें वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. हळदीचा रंग उन्हानें उडतो. गेरू उडत नाहीं. काजळाची शाई शेंकडों वर्षें काळी राहते. पण हिरडा व हिराकस यांची शाई कालांतरानें कागदच खाऊं लागते. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा असल्यामुळें लवकर पिवळा पडतो. मुलांनीं हें आमच्या शब्दावरून मानूं नये. कागदाच्या एका पट्टीवर हळद, पळस, गेरू व काजळ यांचे पट्टे ओढावे, पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्यानें झाकावा, आणि पंधरा दिवस उन्हांत ठेवून उघडून पाहावें. हळदीच्या ओल्या पट्ट्यावर चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाकावा. तो तांबडा कां झाला, तें विज्ञानाच्या शिक्षकांस विचारावें. मेणबत्तीची रेघ ओढून वरून पातळ रंग फिरवावा. रेघ कोरी कां राहते, तेंहि विचारावें. असा तास रिकामा गेला असें कोण म्हणेल?

पालक म्हणतील, "हें सारें ठीक, पण गुणांचें काय?" हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. ज्या घरीं शेतीच्या उत्पन्नावर शिक्षण चालतें, तेथें प्रत्येक गुणाची किंमत असते. त्यांस आमचें सांगणें असें कीं, शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांस दहावीच्या परीक्षेंत वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावें असें सुचविलें आहे. तरी आमचा भर यांवर नाहीं. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनें हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा मध्य असावा असें म्हटलें, तें गुणांसाठीं नव्हे. ज्या मुलास पहिला थर वाळेपर्यंत थांबतां येतें, त्यास गणिताच्या दुसऱ्या पायरीवर येण्यापूर्वीं पहिली तपासतां येते. आणि ज्याचें काम घरच्या मोठ्या माणसांनीं केलें, त्यानें बक्षीस घेतांना काय शिकलें? दुसऱ्याचें काम आपल्या नांवावर खपतें, एवढेंच.

आपल्या भाषेंत 'बेगडी' हा शब्द खोट्या डौलाबद्दल वापरतात. आम्हांस वाटतें, यांत बेगडेवर थोडा अन्याय होतो. बाशिंगावरची बेगड खोटी नसते. तिच्याखालीं नीट कापलेला पुठ्ठा असतो, खळ असते, कोणाची तरी रात्र जागलेली असते. ती शेवटचा थर म्हणून येते व शोभते. ज्या बेगडेखालीं कांहींच नसतें, तेवढीच बेगडी. विद्येचेंहि असेंच आहे. पाठ केलेलीं उत्तरें ही वरची चकाकी होय. खालीं समजुतीचे थर असले तर ती शोभते, नसले तर एका उलट प्रश्नानें गळून पडते.

म्हणून आमचें तिघांस तीन शब्दांत मागणें आहे. पालकांस: सामान जरूर आणून द्या, पण हात मुलांचा चालूं द्या, वांकडा चालला तरी. विद्यार्थ्यांस: एका कामांत चार थर द्या, आणि प्रत्येक थर कां दिला हें त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. परीक्षकांस, म्हणजे आमच्यासारख्यांस: बक्षीस देण्यापूर्वीं "हें कसें केलें?" असें विचारा, आणि उत्तर पुरतें ऐका.

ती मुलगी पुढें शाळा सोडून गेली. तिचें तें पऱ्हाटीचें झाड आम्हीं मागून घेतलें होतें. तें आमच्या कपाटांत आहे. वर्तमानपत्र पिवळें पडलें आहे, कापूस मळला आहे, कोपरा तसाच वांकलेला आहे. काजळाची रेघ मात्र पहिल्या दिवसाइतकीच काळी आहे. तिच्या प्रश्नाचें उत्तर उशिरां कां होईना, येथें छापलें जात आहे. तें तिच्या वाचनांत यावें अशी आमची इच्छा आहे.