ठिपका कुठे पडला?

क्ष + य = ५ या रेषेवर (२, ३) हा बिंदू आहे का? शाळेत शिकवतात, की नजरेने अंदाज बांधू नका, किमती समीकरणात घालून पाहा. २ आणि ३ मिळून ५. बिंदू रेषेवर आहे. (१, ३) घेतला तर बेरीज ४ भरते. बिंदू रेषेच्या खाली राहिला. परीक्षा झाली की हे सारे वहीबरोबर रद्दीत जाते.

पण तान्हे मूल असलेल्या घरात असाच एक आलेख कपाटात ठेवलेला असतो. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळालेल्या कार्डावरचा, बाळाच्या वजनाचा. आडव्या रेघेवर वय, उभ्या रेघेवर वजन. दोन्ही जुळतात तिथे ठिपका.

असा तक्ता आईच्याच हाती देण्याची पद्धत डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी नायजेरियातील इमेसी गावात काम करताना रुजवली. आजच्या तक्त्यावरील वक्ररेषा जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केल्या. भारतासह ६ देशांतील, नीट पोषण मिळालेल्या मुलांच्या वाढीवरून त्या आखल्या आहेत. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. ठिपका हिरव्या पट्ट्यात असेल तर वजन वयाला साजेसे. त्याखालच्या पिवळ्या पट्ट्यात गेला तर कमी. त्याहूनही खाली गेला तर फारच कमी.

इथे वयाची चूक महागात पडते. १२ महिन्यांच्या मुलीसाठी हिरव्या पट्ट्याची खालची रेषा ७ किलोवर आहे. मुलीचे वजन ६.८ किलो असेल तर ठिपका रेषेखाली पडायला हवा. पण घाईत कोणी वय १० महिने सांगितले तर? त्या वयाची रेषा ६.७ किलोवर आहे. ठिपका हिरव्यात पडतो आणि सारे निश्चिंत होतात. वजन खरे, काटा खरा, तरी उत्तर खोटे! म्हणून वय जन्मतारखेवरूनच मोजावे, आणि तेही पूर्ण झालेल्या महिन्यांत. काटा शून्यावर आहे ना, हे पाहावे. बाळाच्या अंगावर जाड कपडे नसावेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. समजा, एका मुलीचे वजन ६ महिन्यांची असताना ७.१ किलो, ९ महिन्यांना ७.३ आणि १२ महिन्यांना ७.४ किलो भरले. तिन्ही ठिपके हिरव्याच पट्ट्यात आहेत. पण ते जोडून पाहा. तक्त्यावरची रेषा वर चढते आहे आणि मुलीची रेषा जवळजवळ आडवी झाली आहे. ६ महिन्यांत जेमतेम ३०० ग्रॅम! दुधाबरोबर वरचे अन्न पुरेसे मिळते का, वारंवार जुलाब किंवा ताप येतो का, हे विचारण्याची वेळ हीच. ठिपका पिवळ्यात उतरेपर्यंत थांबायचे नसते.

उलट, एखादे बाळ मुळातच लहान चणीचे असते. त्याचे ठिपके खालच्या रेषेजवळ असूनही तिच्याबरोबरीने वर चढत असतील, तर शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करून आईने जिवाला घोर लावून घेऊ नये.

पुढच्या वेळी वजन झाले की आकडा ऐकून कार्ड पिशवीत टाकू नये. आधीचा ठिपका शोधावा, नव्याशी जोडावा आणि रेघ कुठे निघाली आहे ते पाहावे. रेघ आडवी किंवा उतरती दिसली, तर त्याच दिवशी अंगणवाडीताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावी.